सेवाकर संपला, वाद संपले नाहीत : उशिराच्या मागण्या आणि अपिलाआधीचा भरणा

भारतातील सेवाकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला. त्या कराच्या कारणे दाखवा नोटिसा मात्र त्यानंतर पाच वर्षे निघत राहिल्या. त्या नोटिशींवरील आदेश आणि त्या आदेशांवरील अपिले हा सिलसिला अजूनही संपलेला नाही. एजवेअर, हॅरो, वेंब्ली या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय वाटतो तितका परका नाही. वडिलांनी घेतलेला पुण्यातील किंवा ठाण्यातील एखादा गाळा बँकेला अथवा औषधांच्या दुकानाला भाड्याने दिलेला असतो. भाडे एनआरओ खात्यात जमा होते. आयकर विवरणपत्र गावाकडचे सनदी लेखापाल भरतात. सेवाकराचा विचार कोणाच्या मनातही नसतो. मग एके दिवशी बंद सदनिकेच्या दारावर चिकटवलेला कागद शेजाऱ्यांना दिसतो आणि त्याचे छायाचित्र व्हॉट्सअपवर येते. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या भाड्यावर कर, तितकाच दंड आणि वर व्याज अशी ती मागणी असते.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. इतक्या उशिरा अशी मागणी करण्याचा अधिकार सरकारला आहे काय? आणि मागणी चुकीची असेल, तर ती लढवण्याआधी किती रक्कम भरावी लागते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत. ती वेळेवर माहीत असणे आणि मुदत उलटल्यावर कळणे यांत हक्क राखणे आणि गमावणे इतके अंतर आहे.

कर कसा वाढत गेला

सेवाकर १ जुलै १९९४ रोजी सुरू झाला. त्याला स्वतंत्र कायदा कधीच मिळाला नाही. १९९४ च्या वित्त अधिनियमाचे पाचवे प्रकरण हाच त्याचा आधार राहिला. आरंभी दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीनच सेवांवर पाच टक्के कर होता. पुढे सेवांची यादी लांबत गेली आणि दरही चढत गेला. १ जुलै २०१२ पासून पद्धतच उलटी झाली. नकारात्मक यादीत किंवा सवलतीच्या अधिसूचनेत नाव नसलेली प्रत्येक सेवा करपात्र ठरली. १ जून २०१५ पासून दर १४ टक्के झाला. त्यात त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर आणि १ जून २०१६ पासून अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर मिळून तो १५ टक्क्यांवर पोहोचला.

व्यापारी जागा भाड्याने देणे ही सेवा १ जून २००७ पासून करपात्र झाली. निवासासाठी दिलेले घर या करातून बाहेर होते. जागा नुसती भाड्याने देण्यात सेवा कसली, हा प्रश्न तेव्हाच न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये करदात्यांच्या बाजूने निर्णय दिला. संसदेने २०१० च्या वित्त अधिनियमाने थेट १ जून २००७ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने, कायदा दुरुस्त केला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने आपल्यासमोर आलेल्या किरकोळ व्यापाऱ्यांना थकबाकीचा अर्धा हिस्सा तीन हप्त्यांत भरण्यास आणि उरलेल्या हिश्श्यासाठी जामीन देण्यास सांगितले. वाद चालू असताना किती रक्कम भरायची, या प्रश्नाचे ते एक मोठे उदाहरण होते. आज सामान्य करदात्यापुढेही तोच प्रश्न लहान आकड्यांत उभा राहतो.

नोटिसा इतक्या उशिरा का निघाल्या

याचे कारण दोन खात्यांच्या नोंदींत सापडते. आयकर विवरणपत्रात आणि फॉर्म २६एएस मध्ये एखाद्या व्यक्तीचे भाडे, व्यावसायिक शुल्क किंवा कमिशन यांच्या रकमा दिसतात. सेवाकराच्या एसटी-३ विवरणपत्रात त्या रकमा दिसत नसतील, किंवा असे विवरणपत्रच भरलेले नसेल, तर दोन आकड्यांत तफावत पडते. प्रत्यक्ष करांचे मंडळ आणि अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ यांच्यात २१ जुलै २०२० रोजी माहितीच्या देवाणघेवाणीचा सामंजस्य करार झाला. माहितीची देवाणघेवाण त्याआधीही होत होती. आता ती आपोआप आणि मोठ्या प्रमाणावर होण्याची सोय झाली.

तफावत दिसली म्हणजे कर चुकवला, असे मात्र होत नाही. ती रक्कम निवासी भाड्याची असू शकते. ब्रिटनमधील ग्राहकासाठी केलेल्या कामाचे परकीय चलनातील शुल्क असू शकते, आणि ते काम अटी पूर्ण करत असेल तर निर्यात ठरून करमुक्त असते. वकिलाने कंपनीला दिलेली सेवा असू शकते, ज्यात कर भरण्याची जबाबदारी कंपनीवर होती. किंवा करदात्याची उलाढाल दहा लाखांच्या सवलतमर्यादेत असू शकते. हे ओळखूनच मंडळाने एप्रिल २०२१ मध्ये आणि पुन्हा २६ ऑक्टोबर २०२१ रोजी क्षेत्रीय कार्यालयांना सूचना दिल्या. केवळ आयकराच्या आकड्यांवरून सरसकट नोटिसा काढू नयेत, वस्तुस्थितीची योग्य पडताळणी करूनच काढाव्यात, आणि काढलेल्या नोटिशींचा निर्णय करदात्याचे म्हणणे नीट तपासून द्यावा, असा त्यांचा आशय आहे. पडताळणीचा एकही प्रश्न न विचारता आलेल्या नोटिशीला उत्तर देताना या सूचनांचा स्पष्ट उल्लेख करावा.

यात काळाचा एक विचित्र योगही आहे. जुने वाद मिटवण्यासाठी सरकारने २०१९ मध्ये ‘सबका विश्वास’ योजना आणली. ३० जून २०१९ रोजी नोटीस किंवा अपील प्रलंबित असेल, तर पन्नास लाखांपर्यंतच्या करात सत्तर टक्के आणि त्यापुढे पन्नास टक्के सूट होती. व्याज आणि दंड पूर्ण माफ होते. अर्ज करण्याची मुदत १५ जानेवारी २०२० रोजी संपली. ज्यांना नोटीसच डिसेंबर २०२० मध्ये किंवा त्यानंतर मिळाली, त्यांना ही सत्तर टक्क्यांची वाट कधी उघडलीच नाही. ज्याची चौकशी लवकर झाली त्याला सवलत मिळाली आणि ज्याची उशिरा झाली त्याच्याकडे पूर्ण रक्कम मागितली गेली.

मुदतीचा हिशेब

मागणीची मुदत वित्त अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये आहे. सामान्य प्रकरणात ती आधी एक वर्ष होती. २०१२ पासून ती अठरा महिने आणि १४ मे २०१६ पासून तीस महिने झाली. फसवणूक, संगनमत, जाणूनबुजून केलेले खोटे विधान, माहिती दडवणे किंवा कर चुकवण्याच्या हेतूने केलेला नियमभंग असेल, तरच ती पाच वर्षांपर्यंत वाढते. विवरणपत्र भरले असेल तर ते भरल्याच्या तारखेपासून आणि भरले नसेल तर ते भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ही मुदत मोजतात.

सेवाकराचे शेवटचे विवरणपत्र एप्रिल ते जून २०१७ या तिमाहीचे होते आणि त्याची शेवटची तारीख १५ ऑगस्ट २०१७ होती. त्यापुढे पाच वर्षे मोजली, तर कमाल मुदतही ऑगस्ट २०२२ मध्ये संपते. टाळेबंदीच्या काळात, २० मार्च २०२० पासून पुढील महिन्यांत संपणाऱ्या मुदती विशेष कायद्याने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवल्या होत्या. २०१४-१५ च्या उत्तरार्धाच्या आणि २०१५-१६ च्या पूर्वार्धाच्या कित्येक नोटिसा त्या महिन्यात निघाल्या त्या यामुळेच. म्हणून पहिले काम म्हणजे नोटिशीची तारीख आणि तिच्यातील प्रत्येक सहामाही समोरासमोर मांडणे. एकाच नोटिशीतील काही भाग मुदतीत आणि काही मुदतबाह्य असू शकतो.

या वर्षांच्या जवळपास सर्वच उशिराच्या नोटिसा पाच वर्षांच्या वाढीव मुदतीवर उभ्या असतात, म्हणजे करदात्याने माहिती ‘दडवली’ या आरोपावर. सर्वोच्च न्यायालयाने पुष्पम फार्मास्युटिकल्सच्या १९९५ मधील निकालात या शब्दाचा अर्थ घट्ट बांधला आहे. फसवणूक आणि संगनमत यांसारख्या शब्दांच्या पंक्तीत बसलेला हा शब्द नुसती माहिती न देण्यासाठी वापरता येत नाही, त्यामागे कर चुकवण्याचा जाणीवपूर्वक हेतू लागतो, असा त्याचा सार आहे. २०१३ मधील युनिवर्थ टेक्स्टाइल्सच्या निकालात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले आणि तो हेतू सिद्ध करण्याचा भार खात्यावर असल्याचे अधोरेखित झाले. ज्याने ते भाडे आयकर विवरणपत्रात दाखवले, ज्याच्या भाडेकरूने त्यावर उद्गम करकपात केली, त्याने ती रक्कम सरकारपासून दडवली असे म्हणणे कठीण आहे. खात्याचे उत्तर असे असते की आयकर खात्याला सांगितले म्हणजे सेवाकर खात्याला सांगितले असे नव्हे, आणि नोंदणीच न करणे हेच दडवणे आहे. न्यायाधिकरणाच्या पीठांनी वस्तुस्थितीनुसार दोन्ही बाजूंनी निर्णय दिले आहेत. म्हणून मुदतीचा आक्षेप नोटिशीच्या पहिल्याच उत्तरात, तारखा आणि कागदपत्रांसह नोंदवावा. तो अपिलासाठी राखून ठेवू नये.

नोटीस वेळेवर, आदेश मात्र दशकाने

उशिराचा दुसरा प्रकार असा की नोटीस मुदतीत निघते आणि मग कपाटात पडून राहते. कलम ७३ च्या पोटकलम ४ब नुसार सामान्य प्रकरणाचा निर्णय सहा महिन्यांत आणि वाढीव मुदतीच्या प्रकरणाचा एक वर्षात द्यायचा असतो. पण त्यात ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द आहेत आणि विलंबाचे समर्थन त्यांच्याच आधारे केले जाते.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने करदात्यांना मोठा आधार दिला आहे. उत्पादनशुल्काच्या पार्ले इंटरनॅशनल प्रकरणात २००६ मधील नोटिशीवर २०१९ मध्ये आदेश देण्यात आला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. इतक्या काळाने करदात्याकडे कागदपत्रे राहत नाहीत, माणसे राहत नाहीत, आणि खात्याने प्रकरण स्वतःशीच स्थगित ठेवले हे त्याला कळवलेलेही नसते, हा त्यामागील विचार आहे. सेवाकराच्या एटीए फ्रेट लाइन प्रकरणात २०२२ मध्ये याच न्यायालयाने वर्षानुवर्षे रखडलेल्या नोटिसा रद्द केल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची खात्याची याचिका फेटाळली. मात्र सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती करदात्यानेच वारंवार केली असेल, तर त्याला विलंबाचा दोष खात्यावर टाकता येत नाही.

परदेशी राहणाऱ्या मालकाचे वेगळे मुद्दे

पहिला मुद्दा बजावणीचा. कागद स्पीड पोस्टने किंवा प्रत्यक्ष द्यायचा, ते शक्य नसेल तर जागेवर चिकटवायचा, अशी रीत उत्पादनशुल्क अधिनियमाच्या कलम ३७क मध्ये आहे आणि ती सेवाकरालाही लागू आहे. सरल वायर क्राफ्टच्या प्रकरणात आदेश एका रोजंदारीच्या कामगाराच्या हाती दिला गेला होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बजावणी मान्य केली नाही. कागद त्या व्यक्तीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला मिळाला पाहिजे. सोसायटीच्या पहारेकऱ्याकडे ठेवलेल्या लिफाफ्याबद्दल बोलताना हा निकाल उपयोगी पडतो.

बजावणीच्या तारखेला इतके महत्त्व का, तर अपिलाची मुदत तिच्यापासून धावते. आयुक्त (अपील) यांच्याकडे दोन महिन्यांत अपील करावे लागते. सबळ कारण असेल तर ते आणखी एक महिना माफ करू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाने सिंह एंटरप्रायझेसच्या २००८ मधील निकालात ही सीमा पक्की केली. सेस्टॅट, म्हणजे सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरण, येथे मुदत तीन महिन्यांची आहे आणि विलंब माफ करण्याचा अधिकार अधिक व्यापक आहे. एकतर्फी आदेशाची बातमी चार महिन्यांनी कळली आणि बजावणी योग्य ठरली, तर पहिल्या अपिलाचे दार बंद झालेले असते. मग उच्च न्यायालयातील रिट याचिका एवढाच खर्चिक आणि अनिश्चित मार्ग उरतो.

दुसरा मुद्दा कर कोणी भरायचा हा. २०१२ नंतरच्या अधिसूचनेप्रमाणे सेवा देणारा करक्षेत्राबाहेर आणि घेणारा व्यवसाय भारतात असेल, तर संपूर्ण कर घेणाऱ्याने भरायचा होता. ज्याची भारतात नोंदणी नाही, कार्यालय नाही, त्याचे ठिकाण म्हणजे त्याचे नेहमीचे निवासस्थान, अशी नियमांची व्याख्या होती. त्या आधारे एजवेअरला राहणारा गाळामालक म्हणू शकतो की कराची जबाबदारी भाडेकरू बँकेची होती. गाळा आणि तो सांभाळणारी व्यवस्था हेच भारतातील स्थिर आस्थापन, असे खाते म्हणू शकते. हा वादाचा मुद्दा आहे, खात्रीचा नाही; पण तो मांडलाच नाही तर त्याचा विचारही होणार नाही.

तिसरा मुद्दा सहमालकीचा. गाळा पती-पत्नी किंवा भावंडांच्या नावे असेल आणि भाडे प्रत्येकाच्या खात्यात वेगळे जात असेल, तर दहा लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्रपणे लावावी, असे न्यायाधिकरणाच्या अनेक निर्णयांत मान्य झाले आहे. शिवाय महापालिकेला भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा करण्याची सवलत होती. पावत्या असतील तर ती मागावी.

अपिलाआधीचा भरणा म्हणजे काय

आदेश विरुद्ध गेला आणि अपील करायचे ठरले, की प्री-डिपॉझिटचा प्रश्न येतो. उत्पादनशुल्क अधिनियमाचे कलम ३५फ सेवाकरालाही लागू आहे. ६ ऑगस्ट २०१४ पूर्वी वादातील संपूर्ण रक्कम भरावी लागे. मात्र अवाजवी हालअपेष्टा दाखवता आल्या तर ती अंशतः किंवा पूर्ण माफ करण्याचा अधिकार अपील ऐकणाऱ्याला होता. परिणामी मूळ अपिलाआधी स्थगितीच्या अर्जावरच महिनोन्‌महिने सुनावण्या होत आणि न्यायाधिकरणाचा बराचसा वेळ त्यातच जाई.

२०१४ च्या दुरुस्तीने हा विवेकाधिकार काढून ठराविक टक्केवारी आणली. पहिल्या अपिलासाठी, मग ते आयुक्त (अपील) यांच्यापुढे असो वा आयुक्तांच्या मूळ आदेशाविरुद्ध थेट सेस्टॅटमध्ये असो, वादातील कराच्या साडेसात टक्के भरावे लागतात. आयुक्त (अपील) यांच्या आदेशाविरुद्ध सेस्टॅटमध्ये जाताना हे प्रमाण दहा टक्के आहे. कमाल मर्यादा दहा कोटी रुपये. कर आणि दंड दोन्ही वादात असतील तर टक्केवारी फक्त करावर मोजतात. केवळ दंडच वादात असेल तर दंडावर. व्याज या हिशेबात येत नाही.

मंडळाच्या १६ सप्टेंबर २०१४ च्या परिपत्रकात यापुढील गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. हा भरणा करून अपील दाखल केले, की उरलेल्या रकमेची सक्तीची वसुली होत नाही. तपासाच्या किंवा लेखापरीक्षणाच्या वेळी भरलेली रक्कमही या भरण्यात धरता येते. अपील जिंकल्यास पैसे पंधरा दिवसांत परत करायचे, आणि भरल्याच्या तारखेपासून त्यावर व्याज द्यायचे. व्याजाचा दर सहा टक्के आहे. याउलट अपील केलेच नाही, तर कलम ८७ खाली खाते बँक खाते गोठवू शकते किंवा भाडेकरूला भाडे थेट सरकारकडे भरण्यास सांगू शकते.

भरणा कोणत्या मार्गाने करायचा यावरूनही पुष्कळ वाद झाले. अनेकांनी वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावरील डीआरसी-०३ या फॉर्मने पैसे भरले आणि त्यांची अपिले सदोष ठरली. सोडेक्सो इंडियाच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या गोंधळाकडे मंडळाचे लक्ष वेधले. त्यानंतर २८ ऑक्टोबर २०२२ च्या सूचनेत मंडळाने डीआरसी-०३ हा मार्ग चालणार नाही आणि मंडळाच्या स्वतंत्र एकात्मिक संकेतस्थळावरूनच भरणा करावा, असे सांगितले. परदेशातून मुलाने आपल्या खात्यातून घाईने पैसे भरण्याआधी हे तपासलेच पाहिजे.

एका उदाहरणाचा हिशेब

समजा, पुण्यातील एका गाळ्याचे भाडे दरमहा दीड लाख रुपये होते आणि आदल्या वर्षीही तेवढेच होते. २०१६-१७ चे एकूण भाडे १८ लाख. एप्रिल-मे च्या तीन लाखांवर साडेचौदा टक्क्यांनी ४३,५०० रुपये आणि पुढील पंधरा लाखांवर पंधरा टक्क्यांनी २,२५,००० रुपये, म्हणजे कर २,६८,५००. माहिती दडवल्याचा आरोप टिकला तर तितकाच दंड. साठ लाखांखालील उलाढालीसाठी सवलतीचा बारा टक्के व्याजदर धरला, तरी व्याज वर्षाला ३२,२२० रुपये. सात वर्षांनी आदेश आला, तर एकूण मागणी साडेसात लाखांच्या पुढे जाते.

पहिल्या अपिलासाठीचा भरणा मात्र कराच्या साडेसात टक्के, म्हणजे सुमारे २०,१३८ रुपये. दुसऱ्या टप्प्यासाठीचा दहा टक्क्यांचा आकडा २६,८५० रुपये. मागणीचा एकूण आकडा पाहून घाबरून अपील सोडून देणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

आता हाच गाळा पती-पत्नींच्या समान मालकीचा असेल, तर प्रत्येकाचे भाडे नऊ लाख. दहा लाखांची मर्यादा स्वतंत्रपणे लागली, तर कर शून्य. आणि करार एकाच्याच नावे असला, पण भाडेकरूकडून कर वेगळा घेतलेला नसला, तर मिळालेल्या रकमेतच कर सामावलेला आहे असे मानून हिशेब करण्याची तरतूद कलम ६७ मध्ये आहे. त्याने पंधरा टक्क्यांचा भार प्रत्यक्षात सुमारे तेरा टक्क्यांवर येतो.

मागणी खरोखरच बरोबर असेल, तर लढण्यापेक्षा भरणे स्वस्त पडते. वाढीव मुदतीच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत कर आणि व्याज भरल्यास दंड पंधरा टक्क्यांवर येतो, आणि आदेशानंतर तीस दिवसांत भरल्यास पंचवीस टक्क्यांवर. कमी केलेला दंडही त्याच मुदतीत भरावा लागतो.

ब्रिटनमध्ये काय आहे

आधी पैसे, मग अपील, ही फक्त भारतीय रीत आहे असे आपल्याला वाटू शकते. प्रत्यक्षात एजवेअर हाय स्ट्रीटवरील दुकानदारालाही व्हॅटच्या वादात हीच अट आहे, आणि ती अधिक कडक आहे. १९९४ च्या व्हॅट कायद्याच्या कलम ८४ नुसार वादातील व्हॅट पूर्ण भरल्याशिवाय किंवा जमा केल्याशिवाय फर्स्ट-टियर ट्रायब्युनल अपील ऐकत नाही. अपवाद एकच: ती रक्कम भरल्याने हालअपेष्टा होतील हे एचएमआरसीला किंवा ट्रायब्युनलला पटवून देणे. टोटेल प्रकरणात २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली. आयकराच्या अपिलात तशी सक्ती नाही. तेथे वादातील रक्कम पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो. मुदतीचा ढाचाही ओळखीचा आहे: व्हॅटची सामान्य मुदत चार वर्षे आणि हेतुपुरस्सर चुकवेगिरीत वीस वर्षे.

ब्रिटनची आजची पद्धत भारताच्या २०१४ पूर्वीच्या पद्धतीसारखी आहे. पूर्ण रक्कम मागायची आणि अडचण सिद्ध झाली तर सोडायची, यात दया दाखवायला जागा आहे. पण ती मिळवण्यासाठी स्वतंत्र लढाई लढावी लागते. भारताच्या नव्या पद्धतीत रक्कम लहान आणि निश्चित आहे, परंतु ज्याच्याकडे तेवढीही नाही त्याच्यासाठी कायद्यात एकही खिडकी नाही. अपिलाचा हक्क हा कायद्याने दिलेला हक्क असल्याने त्याला अटी घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच मुंबईतील एका सीमाशुल्क प्रकरणात म्हटले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पायोनियर कॉर्पोरेशनच्या प्रकरणात मान्य केले की अत्यंत विरळा आणि योग्य प्रकरणांत रिट अधिकाराने ही अट शिथिल करता येईल. पण त्या ‘विरळा’ या शब्दावर भिस्त ठेवून कोणी बसू नये.

नोटीस आली तर

प्रथम कागद खरा आहे का ते पाहावे. डिसेंबर २०१९ पासून अशा कागदावर दस्तऐवज ओळख क्रमांक असणे बंधनकारक झाले आहे आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणुकीच्या फोनांच्या या दिवसांत ही पडताळणी दोन मिनिटांत होते.

मग तारखा लिहून काढाव्यात: नोटिशीची, ती प्रत्यक्ष हाती पडल्याची, उत्तर देण्याची. लिफाफा आणि त्यावरील टपालाचा शिक्का जपून ठेवावा. उत्तरासोबत आयकर विवरणपत्रे, लीव्ह अँड लायसन्स करार, बँकेची खातेपत्रके, घरपट्टीच्या पावत्या आणि आपण त्या वर्षी परदेशात राहत होतो याचे पुरावे जोडावेत. उत्तरात आपला ब्रिटनमधील पत्ता आणि ई-मेल देऊन पुढील पत्रव्यवहार तेथे करावा, असे लेखी कळवावे. सुनावणी २०२० पासून दूरचित्र पद्धतीने होत असल्याने एजवेअरहूनही हजर राहता येते. फक्त सुनावणीची वेळ भारतीय असते.

भारतातील नातेवाइकाला किंवा सल्लागाराला अधिकार द्यायचे असतील, तर मुखत्यारपत्र लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून किंवा अपोस्टिल घेऊन पाठवावे. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. दोन महिन्यांच्या अपील मुदतीत हे सारे बसवायचे असेल, तर आदेश येण्याची वाट न पाहता नोटिशीच्या टप्प्यावरच ते करून ठेवणे शहाणपणाचे.

सेवाकर गेला तरी हा अनुभव वस्तू व सेवा कराच्या काळातही कामाचा आहे. तेथेही पहिल्या अपिलाला दहा टक्के भरणा आहे, न्यायाधिकरणासाठीचा वीस टक्क्यांचा भरणा १ नोव्हेंबर २०२४ पासून दहा टक्क्यांवर आला आहे, आणि दोन खात्यांचे आकडे ताडून पाहण्याची पद्धत आता अधिक वेगवान झाली आहे. मुदतीचे कलम असते ते नागरिकाला कधीतरी निश्चिंत होता यावे म्हणून. सरकारने चौकशीला पाच वर्षे आणि आदेशाला आणखी काही वर्षे घ्यावीत, आणि नागरिकाने साठ दिवसांत अपील करावे, या व्यवस्थेत दोन्ही बाजूंची घड्याळे सारखी चालत नाहीत. ती बदलेपर्यंत आपले घड्याळ नेमके कधी सुरू झाले हे ठाऊक असणे, आणि भारतातील कार्यालयांत आपला आजचा पत्ता नोंदवलेला असणे, ही प्रत्येक परदेशस्थ मालकाने स्वतःच घ्यायची काळजी आहे.